आवाज गेला तेव्हाची गिऱ्हाइकं

लातूरला मी लग्नाआधी एका शिकवणीत मराठी शिकवायचे. वर्ग भरगच्च, आणि माइक एकच. तो विज्ञानाच्या सरांकडे असायचा. मराठीला कशाला लागतो माइक, असं सगळ्यांचंच मत. त्यामुळे मी कविता ओरडून शिकवली, व्याकरण ओरडून शिकवलं, आणि लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा संसाराच्या सामानासोबत एक बसका आवाजही घेऊन आले.

नवरा रेल्वेच्या कचेरीत. तो सकाळी गेला की घर खायला उठायचं. शेजारी ओळखीचे नव्हते, गाव नवं. जुन्या बाजारातल्या एका पुस्तकाच्या दुकानात बाई हवी आहे असं कळलं, आणि मी जाऊन उभी राहिले. दुकानाचे मालक सत्तरीतले. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागले. त्यांच्या वडिलांचं तिथं बाइंडिंगचं काम होतं, चाचांनी त्याचं पुस्तकाचं दुकान केलं. पुढच्या बाजूला शाळेची पुस्तकं, गाइडं, नकाशे. मागच्या भिंतीला कथा-कादंबऱ्यांच्या फळ्या. त्यांच्याकडे बोट दाखवून चाचा म्हणाले, "ये तुझं खातं, बेटी. इथं धूळ लई बसते. गिऱ्हाईक कमी."

त्या फळ्यांपाशी थेट येणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बिलोलीकडच्या एका आजी. नांदेडात त्यांची लेक दिलेली होती. तिच्याकडे आल्या की दुकानात डोकवायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, म्हाताऱ्यासाठी पुस्तक पायजे."

"कसलं देऊ, आजी?"

"ते तूच सांग. मला वाचता येत न्हाई. त्याला येतंय, पन काचबिंदूनं डोळे गेले त्याचे. आता संध्याकाळी सून वाचून दाखवती. मागलं पुस्तक लेकीनं कुठून आनलं काय की, म्हातारा पयल्याच पानाला घोराया लागला."

"मी चांगलं काढून देते."

"नुसतं काढून नको. वाचून दाखव. कापड घेताना हात लावून बघतो का न्हाई आपन? तसं हे कानाला लावून बघते."

मी स्टूल दिलं, त्या बसल्या, तोंडात सुपारी टाकली, आणि मी वाचायला लागले. पहिल्या पुस्तकात सूर्यास्ताचं वर्णन निघालं. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला. "दिवस मावळला, एवढंच ना? मग मावळू दे की त्याला. पुढलं घे." दुसऱ्यात दोन भावांच्या वाटणीची गोष्ट होती. थोरला भाऊ गोड बोलायला लागला तशा त्या पुटपुटल्या, "आता हा फसिवतोय बघ." मग सुपारी चघळायची थांबली. पान संपलं तरी गाल तसाच फुगलेला. तेच पुस्तक त्यांनी नेलं. पुढं मला ती खूण कळूनच गेली. सुपारी थांबली की मी कागदात पुस्तक गुंडाळायला घ्यायचे.

अशाच एका दुपारी वाचता वाचता माझा आवाज तुटला. खोकले, पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं, तर नुसती हवा. आजींनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "डॉक्टरला दाखव. आज दाखव. माझी शप्पत हाय तुला." नवरा दोन महिने हेच सांगत होता आणि मी टाळत होते. आजींची शपथ मात्र मोडवली नाही. स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधीच होती, पण काढावी लागली, आणि काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

चाचा संत्री घेऊन घरी भेटायला आले. मी पाटीवर लिहिलं, 'दुकानात दुसरं कोणी बघा.' चाचांनी वाचलं, खिशातला रुमाल काढून पाटी पुसली आणि म्हणाले, "डॉक्टरनं बोलायला मना केलंय, यायला थोडीच मना केलंय? किताबं कुठं बोलतात?"

म्हणून मी गेले, पाटी-पेन्सिल घेऊन. आणि मुक्या बाईशी माणसं कशी वागतात ते बघायला मिळालं. बरेच जण मला बहिरी समजले. एक गृहस्थ काउंटरवर वाकून, दोन्ही हातांची बोटं दाखवत ओरडले, "सा-त-वी-चं! ग-णि-त!" मला ऐकू येतं असं मी पाटीवर लिहून दाखवलं, तर ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "ब-रं!" एक निवृत्त मास्तर उलटे. त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि स्वतःचंही सगळं लिहूनच सांगितलं. शब्दकोश घेतला, लिहून आभार मानले, आणि बाहेर पडताच पायरीशी बसणाऱ्या चांभाराशी खणखणीत आवाजात बोलायला लागले.

नवऱ्यानं माझ्या मोबाइलमध्ये लिहिलेलं बोलून दाखवणारं काहीतरी घालून दिलं होतं. मी टाइप करायचं, ते बोलायचं. पण त्यातल्या बाईचा आवाज हुबेहूब स्टेशनवरच्या घोषणेसारखा. मी एकाला कळवलं, "हे पुस्तक उद्या येईल," आणि तो सवयीनं विचारता झाला, "किती लेट हाय?" चाचा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी हसू दाबून धरलं, कारण हसायलाही मनाई होती. त्यानंतर ते मी बंद करून टाकलं.

सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक म्हणजे जवळच्याच एका खेड्यातले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिलेले एक भाऊ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. त्यांना भाषणांचं पुस्तक हवं होतं. मी काढून दिलं. त्यांनी चाळलं, माझ्या पाटीकडे बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं.

"ताई, तुम्हाला बोलता येत न्हाई सध्या?"

मी मान हलवली.

"मग तुमच्यापुढं भाषन करून बघू का? घरी बायको मधीच टोकती."

आणि माझ्या होकाराची वाट न बघता ते सुरू झाले, "माझ्या तमाम बंधू आनि भगिनींनोऽ!" फळीवर झोपलेल्या चाचांच्या मांजरानं खाली उडी मारली. रस्त्यावर दोन सायकली थांबल्या. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हळू.' त्यांनी ते वाचलं, मान डोलावली, आणि तेच भाषण तेवढ्याच मोठ्यानं, पण सावकाश केलं.

त्या दिवसापासून ते दुपारी यायलाच लागले. एकदा भाषण ऐन रंगात असताना दारात बिलोलीच्या आजी. "हे कोन कोकलून राहिलंय?" त्यांनी मला विचारलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्या जवळ आल्या, माझी हनुवटी वर करून बघितलं आणि दोन बोटं हलकेच गळ्यावरून फिरवली. "बरं केलंस. आता बोलू नको. गप ऱ्हा." मग त्या भाऊंकडे वळल्या. "तुला वाचता येतंय का रे?"

"मला? आजी, मी उमेदवार हाव."

"आसशील. पन वाचता येतंय का?"

चाचांनी तोंड फिरवून घेतलं. मी फळीवरून एक कथासंग्रह काढून भाऊंच्या हाती दिला. तापलेल्या लेकराला घेऊन दवाखान्याची वाट चालणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. भाऊंनी छाती फुगवून सुरुवात केली. दोन ओळींतच आजींनी थांबवलं. "आरं बाबा, त्या बाईचं लेकरू तापानं फनफनलंय, आन् तू मतं मागून राहिला का? हळू वाच. झोपलंय ते."

भाऊ ओशाळले. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी खरोखरच हळू. लेकरू अंगावर झोपलंय असंच वाचत होते. पान संपलं, त्यांनी कुणाला न विचारता उलटलं. आजींची सुपारी गालात थांबलेली. गाइड घ्यायला आलेली दोन पोरं दाराशीच उभी राहिली. शेवटी ती बाई दवाखान्याच्या पायरीशी पोचते तिथं भाऊंनी इस्त्रीच्या बाहीनं डोळे पुसले.

मग भांडण लागलं, कारण त्या पुस्तकाची प्रत एकच होती. "मी आधी ऐकलं," आजी म्हणाल्या. "वाचलं मी," भाऊ म्हणाले. चाचांनी मध्ये पडून आजींना ते दिलं आणि भाऊंसाठी दुसरं मागवलं. दुसरं येईपर्यंत भाऊ माझ्या फळीवरची बाकीची पुस्तकं वाचत राहिले, दुपारी, मोठ्यानं, पण ओरडून नव्हे. आसपासचे दुकानदार चहाचे पेले घेऊन ऐकायला यायला लागले. धूळ बसणारं माझं खातं मी एक शब्द न बोलता चालायला लागलं.

निवडणुकीचा निकाल लागल्यावर भाऊ पेढे घेऊन आले. "निवडून आलात?" चाचांनी विचारलं.

"पडलो. पन चाचा, माझ्या भाषनाला कोनी उठून गेलं न्हाई. मागल्या डावाला माझा मेव्हनाबी गेला होता उठून."

आम्ही पेढे खाल्ले. मला त्यांना काही चांगलं म्हणायचं होतं. पेन्सिल उचलली, आणि तेव्हा जाणवलं की पाटीची गरज खरं तर संपली होती. डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायला परवानगी दिली होती. पण मी बोलत नव्हते. घरी तोंड उघडायचे आणि मिटायचे. आवाज निघालाच नाही तर? किंवा दुसऱ्याच कुणाचा निघाला तर? नवरा काही म्हणायचा नाही, नुसता वाट बघायचा. चाचांनीही कधी घाई केली नाही. पाटी सोपी होती, आणि मी तिच्यामागे लपले होते.

मग एका शुक्रवारी आजी आल्या त्या म्हाताऱ्यालाच घेऊन. उंच, धोतर, काळा चष्मा, हातात काठी. चाचा नमाजला गेलेले. दुकानात मी एकटी. आजोबा उंबऱ्याच्या आत उभे राहिले, कोऱ्या कागदाचा वास घेतला आणि म्हणाले, "ती वाचनारी कुठाय?"

मी सवयीनं पाटीवर 'बसा, आजोबा' लिहिलं आणि त्यांच्यापुढं धरली. ते चष्म्यातून समोर बघत राहिले. मी पाटी आजींकडे वळवली. आजींनी ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. वाचता न येणाऱ्या आजी, न दिसणारे आजोबा, आणि मध्ये मी पाटी धरून.

"हाय का कोनी?" आजोबांनी विचारलं.

"हाय की. समोरच हाय," आजी म्हणाल्या.

"मग बोलंना का?"

आजी माझ्या मदतीला आल्या नाहीत. मुद्दाम गप्प राहिल्या असं मला आजही वाटतं. मी पाटी काउंटरवर ठेवली. "आहे, आजोबा. बसा," मी म्हणाले. आवाज जाड निघाला, मधेच फाटला, पण निघाला. आजोबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते बसले आणि काठी गुडघ्यांत धरली. "हां. मग लाव वाचायला."

मी एक पुस्तक उघडलं आणि वाचलं. ओळ मध्येच तुटायची, थांबावं लागायचं. अर्ध्या पानाशी आजी हळूच म्हणाल्या, "आवाज बसलाय पोरीचा."

"बसू दे की," आजोबा म्हणाले. "बसलेल्या मानसाचं ऐकाया बरं असतंय. त्याला जायाची घाई नसती."

पान पुरं केलं तेव्हा दारातून उजेड कमी झाल्यासारखा वाटला. बघते तर चाचा टोपी हातात घेऊन पायरीवर उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले, आजोबांना सलाम केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चहा सांगतो." आणि पुन्हा बाहेर गेले. चहावाल्याला हाक मारायला त्यांना एरवी बाहेर जावं लागत नसे.

संध्याकाळी लातूरजवळच्या मुरुडला आईला फोन केला. इतके दिवस तिच्याशी नवराच बोलायचा. "आई," मी म्हणाले. पलीकडून ती म्हणाली, "कोण बोलतंय? राँग नंबर हाय." "आई, मी." मग ती रडायला लागली, आणि मी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त बोलले. आजींचं सांगितलं, भाऊंचं सांगितलं, सातवीच्या गणिताचं सांगितलं. ती नाक पुसत हसली. ज्या गावात मी कुणालाच ओळखत नव्हते, तिथं माझ्या आवाजाची काळजी करणारी इतकी माणसं कधी झाली, ते मलाच सांगता सांगता कळत होतं. आई म्हणाली, "त्या आजी पुन्हा आल्या की त्यांना माझ्याकडून खण दे. आन् आता फोन ठेव, गळा दुखंल."