उजवीकडचा रकाना

शहाणपणा मिरवण्याची मला पहिल्यापासून खोड. आजही आहे, पण तेव्हा ती फारच उतू जात होती. अकोल्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासची लॅब मी सांभाळायचो. घर बडनेऱ्याला. सकाळच्या पॅसेंजरने अकोला, संध्याकाळी परत. नेमणूक अकरा महिन्यांची, तीही दरवेळी नव्याने, त्यामुळे नोकरी धरवतही नव्हती आणि सोडवतही नव्हती. त्या वर्षांत कापसाच्या पडलेल्या भावाने खेड्यांचं असं काही करून ठेवलं होतं, की दसऱ्यानंतर खेड्यातली मुलं क्लासला येईनाशी व्हायची. दुपारच्या बॅचला बारा मशीन आणि तीन मुलं. म्हणूनच त्यातलं एक मशीन मी आपांना देऊ शकलो.

आपा उर्दू शाळेत मराठी शिकवायच्या. जानेवारीअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांना एक पुस्तिका करायची होती, डाव्या रकान्यात मराठी वाक्य आणि उजव्या रकान्यात तेच उर्दूत.

"माह्या पोरायले मराठी येते बेटा, पन भेव वाट्टे," त्या म्हणाल्या होत्या. "बाजूले आपली जबान दिसली का भेव जाते."

निवृत्तीच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात ती द्यायची, एवढीच त्यांची इच्छा. आपल्यामागे शाळेत हे कोणी करणार नाही, याची त्यांना खात्री होती.

लॅबमधल्या नेहमीच्या सिस्टिमवर मराठी टाइप व्हायचं, उर्दू नाही. मी लगेच म्हणालो, "आपा, लिनक्सवर दोन्ही होते." आणि साधं लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम, टाकून थांबलो नाही. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याची चाचणी आवृत्ती टाकली. चाचणी आवृत्ती म्हणजे अजून पक्की न झालेली, लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून सोडलेली. पक्क्या आवृत्तीत मराठी जोडाक्षरं तुटायची, हिच्यात बरीचशी जुळायची, हे एक कारण. ही आवृत्ती अख्ख्या अकोल्यात फक्त माझ्याकडे आहे असं मला वाटायचं, हे दुसरं, आणि खरं सांगायचं तर मोठं. उर्दूचा फॉन्ट, कळफलक, दोन्ही लिप्या पेलणारा लिहिण्याचा प्रोग्राम अशी एकेक पॅकेजेस फोनच्या लाईनवरून उतरवून बसवायला मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी आपांनी पहिलं वाक्य दोन्ही भाषांत टाइप केलं: 'बाई, माझं चुकलं.'

"शाळेत पोराले सगळ्यात आंधी हेच लागते," त्या हसून म्हणाल्या.

पुढे तीन महिने त्या रोज दुपारी येत. एका बोटाने टाइप करत. सुरुवातीला वहीत लिहून आणायच्या, मग हात बसला तशी वाक्यं थेट पडद्यावरच सुचू लागली. सगळं एकाच फाईलमध्ये ठेवा, उगाच गोंधळ नको, हा सल्ला माझाच.

निवृत्तीला दोन आठवडे उरले तेव्हा नमुन्याला एक पान छापून पाहिलं, तर काही जोडाक्षरं कागदावर फुटत होती. त्यावर नवी पॅकेजेस आली होती. सगळी मिळून बसायला दोन तास लागणार होते. लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक त्याच दिवशीपासून लागू होतं आणि मी ते सकाळच्या पेपरात वाचलं होतं, लाईन चार वाजता जाणार. आपा टाइप करत होत्या. मी म्हणालो, "तुमी चालू ठेवा आपा, मागून मी अपडेट लावतो, काही होत नाही."

अडीच वाजता लाईन गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे सगळ्या लॅबसोबत आपांचा पडदाही काळा झाला. पेपर मी बडनेऱ्याच्या फलाटावर घेतला होता. बडनेरा अमरावतीला लागून, म्हणून ती अमरावतीची आवृत्ती, तिच्यातलं वेळापत्रक अमरावतीचं. राहायचो एका गावात, काम करायचो दुसऱ्या गावात, दोन्हीकडच्या लाईनीच्या वेळा डोक्यात वागवायचो, आणि त्या दिवशी नेमकं डोकं घरीच राहिलं होतं.

"अपडेट अर्धवट राहिलं आपा," मी म्हणालो. "उद्या होते."

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं ते काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवत. अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी, आणि एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. तिसऱ्या दिवशी आपांची फाईल सापडली. नाव होतं तेच, आत शून्य. लाईन गेली त्या क्षणी ती उघडी होती.

त्याच वेळी आपांना सांगायला हवं होतं. त्या शेजारीच बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. मी म्हणालो, "उद्या होते."

हरवलेल्या फायली शोधून काढणारं एक पॅकेज असतं. ते बसवू, फाईल परत आणू, मग काही सांगायची वेळच येणार नाही, असा माझा हिशोब. ते पॅकेज एक दुसरं पॅकेज मागायचं. दुसरं तिसऱ्याची नवी आवृत्ती मागायचं. तिसरं म्हणायचं, आधी पहिलं काढा. जुन्यांवर परतावं, तर चाचणी आवृत्तीचा साठा रोज बदलतो, आमची तीन महिन्यांपूर्वीची पॅकेजेस तिथून कधीच निघून गेली होती. पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. रोज काहीतरी उतरवायचो, जबरदस्तीने बसवायचो, ते मोडायचं. आपा एक वाजता यायच्या, बसायच्या, अडीचला लाईन गेली की उठायच्या. जाताना म्हणायच्या, "खूप मेहनत करून राहिला बेटा तू." ते ऐकलं की मला पळून जावंसं वाटायचं, पण पळणार कुठे? बडनेऱ्यालाच. आणि सकाळी परत तीच गाडी, मुर्तिजापूर, अकोला आणि आपा.

घरी मी जेवणावरून उठायला लागलो. वडील रेल्वेत आयुष्यभर सिग्नलच्या कामाला होते. नवव्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "कावून रे, का झालं?" मी चिडून सगळं बोलून टाकलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाईले सांगतलं का?"

"दुरुस्त झाल्यावर सांगतो ना!"

"आमच्याकडं सिग्नल बिघडला का आंधी कळवा लागते. दुरुस्ती मंग. तवरोक गाडी येऊन जाते ना बाप्पा."

मला त्यांचा भयंकर राग आला. तुमच्या लोखंडाच्या काड्या आणि माझं कॉम्प्युटर एकच का, असंही मी बोललो. रात्रभर त्यांच्यावरच चिडलो होतो, असं मला वाटत होतं.

दहाव्या दिवशी आपा येऊन बसल्या आणि मी सांगितलं. फाईल गेली. पहिल्याच दिवशी गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यांनी पर्समधून वही काढून चाळली.

"वहीत अर्धंच हाय," त्या म्हणाल्या. "बाकीचं हितंच सुचलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "कळलं त्याच दिवशी सांगतलं असतं तं अकरा दिवस होते माह्याजवळ. पुरं हातानं लिहून झेरॉक्स काढली असती. तुमी उद्या म्हनलं, मी उद्या धरलं, सर."

तीन महिने मी बेटा होतो. त्या दिवशी सर झालो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस उरले होते. नेहमीच्या सिस्टिमवर मी मराठी टाइप करायला बसलो आणि आपा वही बघून, आठवून, मधेच डोळे मिटून सांगत गेल्या. 'बाई, माझं चुकलं' हे पहिलं वाक्य त्यांनी बाकीच्या वाक्यांच्याच सुरात सांगितलं. माझी बोटं मात्र अडखळली. उर्दू त्या मशीनवर येत नव्हती आणि हाताने लिहायला वेळ उरला नव्हता, म्हणून उजवा रकाना नुसता आखून मोकळा सोडला. निवृत्तीच्या दिवशी आपांनी मुलांना तशीच पुस्तिका वाटली, अर्धी कोरी, आणि म्हणाल्या, घरी या, मी भरून देते.

नंतर कधीतरी एका जाणत्याने मला सांगितलं, की ज्या डिस्कवरून हरवलेलं शोधायचं, तिच्यावर नवं काही बसवायचंच नसतं. जे बसेल ते हरवलेल्याच्या जागेवरच बसतं. फाईल तिसऱ्या दिवशीही कदाचित तिथेच असेल. ती माझ्या त्या सात दिवसांच्या मेहनतीनेच पुसली गेली.

महिन्याभराने मी आपांच्या घरी गेलो. चटईवर पाच-सहा मुलं ओळीने बसली होती आणि आपा एकेकाची पुस्तिका मांडीवर घेऊन उजवा रकाना हाताने भरत होत्या. मीही एक प्रत मागितली. त्यांनी कपाटातून काढून दिली. उघडून पाहिली तर उजवीकडे कोरी.

"हे?" मी विचारलं.

"हे तुमचं तुमी भरा, सर."

ती प्रत अजून माझ्याकडे आहे. मध्ये काही वर्षांनी उर्दू मुळाक्षरं शिकायला बसलो होतो, फार टिकलो नाही. पण पहिल्या ओळीपुरतं आलं. 'बाई, माझं चुकलं' याच्यासमोर माझ्या वाकड्या अक्षरात ते उर्दूत लिहिलेलं आहे. बाकी सगळा रकाना कोराच आहे. आपांना एकदा नेऊन दाखवायचं आहे. उद्या जाईन म्हणतो.