पाठीवरचा गुडघा

माझ्या भावाने योगाच्या नावाखाली स्वतःच्या पोरांना बडवलं. दुसरा कुठलाही शब्द मी वापरणार नाही. पोलादपुरात त्याला सगळे सर म्हणतात. हायस्कूलमध्ये तो शारीरिक शिक्षण शिकवतो, रस्त्यात भेटेल त्याला हात जोडून नमस्कार करतो. घर हायवेला लागून आहे. महाबळेश्वरकडे वळणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये आमच्या घरातलं रडणं शेजारी ऐकू जात नाही, की ऐकू येऊनही येत नाही, देव जाणे.

मी त्याच घरात राहते. आम्ही काही मुलंमुली शाळेतल्या मारहाणीविरुद्ध पत्रकं काढतो आणि महाडच्या एसटी स्टँडवर वाटतो. हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन सकाळी घराबाहेर पडायचं, तर बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली आणि भावाच्या हातात लाकडी पट्टी.

सुरुवात अशी नव्हती, हेही सांगायला हवं. सुरुवातीला मजा होती. मार्जारासन करताना वहिनी खरंच म्याव करायची. धाकटा पाच वर्षांचा. पवनमुक्तासनात आवाज निघाला की तो गंभीरपणे जाहीर करायचा, "आत्या, माझा सुटला," आणि आम्ही सगळे सतरंजीवर लोळायचो. भाऊसुद्धा.

मग महाडच्या एका मंडळाने योगदिनाला कुटुंबांचा कार्यक्रम ठरवला. आई, बाप, मुलं, सगळी एकत्र स्टेजवर. भावाने आमचं नाव दिलं आणि त्या दिवसापासून सतरंजीवरचं हसणं बंद झालं. शवासनात धाकट्याचा डोळा उघडला की पट्टी. वृक्षासनात पाय टेकला की त्याच पायावर पट्टी. पोटरीवर वळ उठायचे आणि वर शांत आवाजात, "श्वासाकडे लक्ष द्या."

सगळ्यात वाईट गत मुलीची. ती आठ वर्षांची. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं, तिचं कपाळ गुडघ्याला लागत नव्हतं. तिचं शरीर तसं नव्हतं, एवढीच गोष्ट. भावाला ती मग्रुरी वाटली. एका सकाळी त्याने मागून तिच्या पाठीवर गुडघा ठेवला आणि स्वतःचं वजन टाकलं.

"पप्पा, दुखतंय."

"लहान हाडं आहेत, वळवू तशी वळतात. लाडावलीयस तू."

ती ओरडली नाही. ओरडायला आत हवा लागते. हुं असा एक आवाज निघाला आणि सतरंजी तिच्याखाली ओली झाली. मी भावाची मानगूट धरून त्याला मागे ओढलं. त्याने वळून माझ्या तोंडात मारली. ओठ दातावर फुटला.

"काढ आता पत्रक," तो म्हणाला. "ये महाडात वाटून."

वहिनीने पोरीला उचललं, सतरंजी गोळा केली, धुवायला टाकली. मग नवऱ्यासाठी चहा ठेवला. मला तिचा भयंकर राग आला होता.

वहिनीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. तिचं माहेर आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीत. ती पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं तिकडे मानतात. वाडीतली म्हातारी माणसं अजून कमर धरत येतात, उंबऱ्याशी पालथी पडतात, आणि ती पदर खोचून हलकेच पाय लावते. हे थोतांड आहे. मी त्यावर पत्रकसुद्धा लिहिलं होतं. भाऊ त्याला अडाणी बाजार म्हणायचा. एवढ्या एका बाबतीत आम्हा भावंडांचं एकमत.

ओठ फुटला त्याच दुपारी मुलं आत योग-योग खेळत होती. धाकट्याचे हुंदके ऐकून मी आणि वहिनी धावलो. मुलीने त्याला पाय लांब करून बसवलं होतं. त्याच्या पाठीवर तिचा गुडघा होता आणि मुठीत त्याचे केस. "वाक. अजून वाक." वहिनीने तिला ओढून काढलं, तर ती बापाच्याच सुरात म्हणाली, "लाडावलाय तो."

वहिनीचे हात तांदळाच्या पिठाने भरले होते. ती मोरीत गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या सकाळी भाऊ परत पट्टी घेऊन उभा. मुलगी सतरंजीवर बसेना, भिंतीला चिकटून राहिली. तो तिचा दंड धरायला झपकन वाकला आणि तसाच थांबला. कमरेत उसण भरली होती. हळूहळू गुडघ्यांवर आला, मग हातांवर.

"पप्पा, म्याव करा ना," धाकटा म्हणाला.

मी हसले. मुद्दाम, मोठ्याने हसले.

भावाला उठता येईना, आडवं होता येईना. शेवटी मान खाली घालूनच म्हणाला, "अगं, ते तुमच्याकडचं... जरा पाय लाव."

"अडाणी बाजार ना तो?" वहिनी म्हणाली.

"लाव म्हणतो ना."

तिने पदर खोचला आणि त्याच्या कमरेवर पाय ठेवला.

"पोरीच्या पाठीवर किती जोर दिला होतात?"

"आई गं. हळू."

"एवढा? का ह्याहून जास्त?" पाय आणखी दाबला गेला. तो किंचाळला. "पोर सांगत होती दुखतंय, तवा काय म्हणालात? सांगा ना, मला नीट आठवत नाय."

"लहान हाडं..."

"तुमची तर मोठी हायत."

आणि तिने लाथ मारली. वाडीतल्या म्हाताऱ्यांना लावायची ती नव्हे. तो तोंडावर आपटला, नाकातून रक्त फरशीवर आलं.

"उसण भरेपर्यंत आता वाट बघणार नाय मी," ती म्हणाली. "पोरांना हात लावून तर बघा."

उसण काही उतरली नाही. त्याला रिक्षात घालून महाडला डॉक्टरकडे न्यावं लागलं. कार्यक्रमातून आमचं नाव वहिनीने स्वतः फोन करून काढलं. मी मारहाणीविरुद्ध लिहिते आणि त्या लाथेविरुद्ध एक ओळ लिहिणार नाही. ज्याला यात विसंगती दिसते, त्याने आधी त्या पोरीची ओली सतरंजी धुवावी, मग माझ्याशी बोलावं.

आता कधीकधी सकाळी वहिनी सतरंजी टाकते. म्याव परत आलं आहे. धाकट्याच्या घोषणाही. भाऊ कमरेला पट्टा बांधून खुर्चीत पेपर वाचतो. त्या लाथेनंतर त्याने कुणावर हात उचललेला नाही. मुलगी पाय लांब करते, वाकते, कपाळ गुडघ्यापासून वीतभर वर थांबवते आणि म्हणते, "माझं इथपर्यंत."

पण वाकण्याआधी ती अजून एकदा मागे वळून बघते, बाप खुर्चीतच आहे ना ते.