लाईन चालू होती

माझ्या आत्याला गल्लीत सगळे 'नंबर प्लीज' म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. चौतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली सोळा हाताने प्लग लावायच्या पाटीवर. आता एकाहत्तरची आहे, पण आवाज अजून तसाच, चढत नाही की पडत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ती अशी बोलते की त्याला वाटावं, आपल्याला दुसऱ्या शहराशी जोडून देतायत.

त्या खुर्चीत बसून तिने अर्ध्या शहराच्या सोयरिकी, भांडणं आणि आजारपणं कानाआड केली. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, मुलीकडून होकार आलाय हे तिला सकाळीच कळलं होतं. वडील दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते आणि ही त्यांना शांतपणे म्हणत होती, "बस रे जरा, फरशी झिजेल." नंतर ते चिडले तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. "कानात आलेलं जिभेवर आणायचं नाही, असं लिहून दिलंय मी." वडिलांनी तो राग अजून सोडलेला नाही. आमच्या घराण्यात राग जपून ठेवतात.

मी एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहिते. अकरा वर्षं झाली. बाहेर माझ्या ताऱ्यांना थोडाफार मान आहे, घरी शून्य. गेल्या महिन्यात पुलाच्या कॅप्टनवरचा सिनेमा आला आणि मी त्याला चार तारे दिले. तिथून सगळं सुरू झालं.

पुलाचा कॅप्टन म्हणजे आमच्या शहराचा दुखरा दात. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धात नदीवरचा पूल राखायला तो आणि त्याचे एकतीस जवान होते. अंधार पडेपर्यंत पूल सोडायचा नाही, असा वरून हुकूम होता. कॅप्टनने भर दुपारी पूल सोडला आणि एकतीसच्या एकतीस माणसं जिवंत परत आणली. पूल गेला. त्याच्या मागोमाग अलीकडची वस्ती जळाली. वस्ती आदल्या दिवशीच रिकामी केली होती म्हणून माणसं वाचली, घरं मात्र गेली. त्यातलं एक आमचं होतं.

कॅप्टनला नोकरीवरून काढलं, चौकशीचे कागद कधी बाहेर आले नाहीत. तेव्हापासून शहरात दोन तट आहेत. एक म्हणतो, पळपुटा होता. दुसरा म्हणतो, बिचाऱ्याला हुकूम पोचलाच नाही. माझे वडील पहिल्या तटाचे बिनविरोध अध्यक्ष. कॅप्टन स्वतः इथेच राहिला, एका लाकडाच्या वखारीत काम केलं, आणि घराबाहेर त्या दुपारबद्दल अवाक्षर न काढता दहा वर्षांपूर्वी वारला.

सिनेमाने दुसऱ्या तटाची बाजू घेतली आहे. ऐन मोक्याच्या क्षणी पुलावरच्या नाक्यातला फोन मुका होतो. एक्स्चेंजमधली लांब नखांची पोरगी बॉम्बच्या आवाजाला घाबरून हेडफोन फेकून पळते, प्लग लोंबकळत राहतो, आणि इकडे नायक रिकाम्या फोनवर 'हॅलो, हॅलो' ओरडत राहतो. थिएटरात हुंदके ऐकू येत होते. मी लिहिलं होतं की हा प्रसंग अंगावर काटा आणतो.

परीक्षण वाचून आत्या म्हणाली, "मला घेऊन चल."

दुपारच्या खेळाला गेलो. ती पर्स मांडीवर धरून, पाठ न टेकता, तीन तास बसली. नायकाचं हॅलो सुरू झालं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. रडत नव्हती. ओठ घट्ट मिटले होते, चुकीचा नंबर मागणाऱ्या माणसासमोर मिटावेत तसे.

बस स्टॉपवर मी विचारलं, "कसा वाटला?"

आत्याची तोलून बोलायची सवय आहे, आधी चांगलं सांगते. "बुटांचा चिखल खरा होता. पोरांची भूक खरी होती. तो कॅप्टन झालेला मुलगा कमी बोलतो, तेही बरं केलं. पण त्या पोरीची नखं बघितलीस? तसल्या नखांनी दिवसाला हजार प्लग लावून दाखव म्हणावं."

"आत्या, सिनेमा आहे तो."

"लाईन चालू होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. तो अंगठा पूर्ण वाकत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं, म्हातारपण.

त्या सकाळीच सैन्याची स्वतःची तार तुटली होती. मुख्यालयाचा पुलावरच्या नाक्याला फोन लावायचा तर आमच्या शहराच्या एक्स्चेंजमधूनच. आणि पाटीवरचं त्या नाक्याचं भोक नेमकं सैल, प्लग तिरका दाबून धरला तरच आवाज जायचा. बाकीच्यांना तळघरात पाठवलं होतं. तेवीस वर्षांची आत्या पाटीसमोर उभी राहिली, अंगठ्याने प्लग दाबून. खिडकीच्या काचा फुटून तिच्या पायाशी पडल्या, पण तिने हात हलवला नाही. बेचाळीस मिनिटं.

"माझ्या पाटीवर लाईन तुटली नाही," ती म्हणाली. "आणि हे लोक मला पळताना दाखवतात. तू त्याला चार तारे देतेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्स्चेंजमधली ती पोरगी म्हणजे माझी आत्या, हे मला सुचूही नये? मी म्हणाले, "पुढच्या अंकात दुरुस्ती छापते." आणि म्हणता म्हणताच अडकले. "पण आत्या, लाईन चालू होती म्हणजे हुकूम पोचला. हुकूम पोचला म्हणजे त्याने तो मोडला."

"काय बोलणं झालं ते मी म्हटलं का? मी फक्त लाईनचं सांगतेय."

"लोकांना एवढं कळतं."

 आम्हा दोघींच्या डोक्यात एकच माणूस होतं. कॅप्टनची मुलगी आमच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवते. बारा वर्षं आत्या तिच्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या घेते. शाळेत जिला 'पळपुट्याची पोर' म्हणत, ती आता कुठे मान वर करून चालायला लागली होती. सिनेमा लागल्यापासून लोक दुकानात जाऊन तिचा हात हातात घेत होते.

"मग राहू दे," आत्या म्हणाली. "एवढी वर्षं गेली, आणखी थोडी जातील."

बसमध्ये मात्र तिला राहवलं नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "फोन लागला नाही म्हणून माणूस परत आला. यात त्याने काय केलं? कुणीही आलं असतं. त्याला निर्दोष करता करता पार रिकामा केला यांनी." माझ्या अकरा वर्षांतलं एकही परीक्षण या चार वाक्यांच्या जवळपास जात नाही, हे मी मुकाट्याने मान्य केलं.

चार दिवसांनी गोळ्या संपल्या. मी आत्याबरोबर दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. औषधवालीने नेहमीसारखी चिठ्ठी घेतली, पण गोळ्या काढायला वळली नाही.

"बाई, एक विचारू? तुम्ही तेव्हा एक्स्चेंजमध्ये होतात ना?"

"होते."

"त्या दुपारी पाटीवर कोण होतं, आठवतंय?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती बारा वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातल्या स्टुलावर बसली. "कशाला विचारतेस?"

"सिनेमा बघताना सगळे रडत होते आणि मला घाम फुटला होता," औषधवाली म्हणाली. "बाबा घरी आम्हाला एकच सांगायचे. मला हुकूम नीट मिळाला, समजला, आणि मी तो मोडला. एकतीस घरांत रडारड नको म्हणून मोडला. त्यापायी वस्ती जळाली, तेही माझ्याच माथ्यावर. दर वर्षी त्या तारखेला सांगायचे. आईला ते कधीच पटलं नाही. ती म्हणायची, एक्स्चेंजमधली कोणी पोरगी पळाली असेल, तिची नोकरी जाऊ नये म्हणून हे दोष अंगावर घेतायत. आता सिनेमाही तेच सांगतो. लोक येऊन सांगतात, तुमचे वडील निर्दोष होते. मग ते आयुष्यभर आमच्याशी खोटं बोलले का? मला एवढंच कळायला हवंय."

 आत्याने पर्स काउंटरवर ठेवली.

"पाटीवर मी होते. पळाले नाही. दोन वाजून दहा मिनिटं ते दोन बावन्न, लाईन चालू होती."

औषधवालीने काउंटरची कड धरली. "काय बोलले ते?"

"ते मी सांगणार नाही. ते त्यांचं आणि मुख्यालयाचं. लिहून दिलंय मी."

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. आणि तिला ते खरोखर बरोबर वाटलं होतं. शेवटी मुलगी कुणाची.

"पण मला जे म्हणाले, ते माझं आहे. ते सांगेन." आत्याचा आवाज होता तसाच होता, हात मात्र पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "मुख्यालयाने फोन ठेवल्यावर आम्हाला विचारावं लागतं, बोलणं झालं का म्हणून. मी विचारलं. ते म्हणाले, झालं ताई. शब्द अन् शब्द स्वच्छ ऐकू आला. उद्या कुणी म्हणेल लाईन खराब होती, तर तसं म्हणू देऊ नका."

औषधवाली रडली नाही. आधी हसली, मग पाठ ताठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "अगदी बाबांसारखं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही साप्ताहिकात लिहिता ना, हे छापा. माझं नाव घालून छापा. माझे वडील निर्दोष नव्हते."

ते इतक्या अभिमानाने म्हटलेलं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि ऐकेन असं वाटतही नाही. मग तिने गोळ्या मोजून पाकिटात घातल्या आणि वर नेहमीच्या ठसठशीत अक्षरात 'सकाळी एक' लिहिलं.

दुरुस्ती मी त्याच दिवशी लिहिली. आत्याने माझ्या खांद्यावरून वाचली आणि 'शूर ऑपरेटर' हे दोन शब्द काढायला लावले. वेळ घालायला लावली, मिनिटांसकट. सिनेमाचा एक तारा मी कमी केला. तीन राहू दे म्हणाली, चिखल खरा होता.

अंक आला त्या सकाळी वडिलांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे तो नाही म्हणाला, हे तुला तिथेच कळलं."

 आत्या अशा प्रश्नांना कधीच उत्तर देत नाही.

"आपलं घर जाणार, हेही कळलं असेल. संध्याकाळी, आम्हाला हलवलं होतं त्या तळघरात आमच्याजवळ येऊन बसलीस. आई विचारत होती, घर राहील ना गं. तू तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतीस."

"हो."

"आणि तो बोलत असताना प्लग दाबून उभी होतीस."

"माझी ड्यूटी होती."

माझे वडील अठ्ठेचाळीस वर्षं त्या माणसाला पळपुटा म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि त्यानंतरही मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नाही. त्यांनी अंक नीट घडी करून बाजूला ठेवला, उठून बहिणीजवळ जाऊन बसले, आणि तिचा तो न वाकणारा अंगठा हातात घेऊन म्हणाले, "होकाराचं मात्र सांगायला हवं होतंस."