मेहुण्याच्या हातातला दोर

रंगारी भित्रा नाही, असं म्हणायची आता सोय राहिली नव्हती. दीड वर्षापूर्वी तो पाचव्या मजल्याबाहेर दोराला टांगलेल्या फळीवर बसून डबा खायचा. मग एके दिवशी वर दोर धरणाऱ्या मेहुण्याला फोन आला. पठ्ठ्या दोर खांबाला न बांधताच बोलायला वळला आणि रंगारी दुसऱ्या मजल्यावरून खाली आदळला. खुबा मोडला, आठ महिने अंथरूण धरलं. बायकोने सख्ख्या भावाचं नाव टाकलं.

"माफ केलं त्याला," रंगारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पलंगावर पडून माफ करायला काय जातं?

खरी पंचाईत आता झाली. मेहुण्याला कुणी दोराजवळ उभं करेना. मुकादम म्हणाला, "ज्याला पाडलंस, तो तुझ्या दोरावर बसला तर ठेवतो." मेहुणा दारात येऊन उभा राहिला. बायको म्हणाली, "अहो, माफी द्या, जीव कशाला देताय?" तिचं काही चुकत नव्हतं. पण रंगारी हो म्हणून बसला.

गच्चीच्या कठड्यावर टाकलेला पाय त्याने दोनदा मागे घेतला. फळी हळूहळू चौथ्या मजल्यापर्यंत उतरली. धंद्यातली रीत अशी, की वरच्याने दोर बांधायचा, खालच्याने दोन हिसके देऊन विचारायचं आणि वरच्याने दोन हिसक्यांनी सांगायचं, बांधलाय.

त्याने दोन हिसके दिले. वरून काही नाही.

पुन्हा दिले. गेला हा, रंगाऱ्याला वाटलं, पुन्हा फोनवर गेला. तळहात घामाने निसटू लागले, खुब्यात कळ उठली. खाली बघायची छाती होईना, म्हणून त्याने वर बघितलं.

मेहुणा कठड्यावर ओणवा झाला होता. दोर त्याने दोन्ही मुठींत आवळला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"बांधलास का रे?"

"बांधलाय, दाजी. पण हिसका द्यायला मूठ सैल करावी लागते. होत नाही माझ्याकडून. तेव्हापासून रोज पडताय तुम्ही."

माफ केल्याचं रंगाऱ्याने गावभर सांगितलं होतं, फक्त याला सोडून.

"बारक्या," तो म्हणाला, "तू बांधलायस ना? मग सोड दोर."

हे बोलताना त्याचीच बोबडी वळली. वरची एक मूठ उघडली, मग दुसरी. रंगाऱ्याने डोळे घट्ट मिटले.

फळी जागची हलली नाही.