खांबावरचा लाल कागद

न्ये शौछांगने जन्मभर बस चालवली आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर बस सुटली, खोड राहिली. माझ्या शेवयांच्या दुकानात बसून आज तिखट कमी आणि रस्सा पातळ, हे तो रोज ऐकवतो आणि वाडगा मात्र थेंबही न ठेवता रिकामा करतो. अशा माणसाशी मैत्री ठेवायची तर डोकं फिरलेलं लागतं. माझं आहे.

अक्षर मात्र देखणं. आमच्या गावात नववर्षाचे शुभवचनांचे लाल कागद त्यानेच लिहायचे. दाराचे, तांदळाच्या कणगीचे, डुकरांच्या खोपटाचेसुद्धा. आणि दारासमोर जे काही उभं असेल, झाड, भिंत, खांब, त्यावर एक कागद ठरलेला: ‘मान वर करा, सुख दिसेल.’ चिकटवायचाही तोच, कारण इतरांना म्हणे सरळ चिकटवता येत नाही. घरोघरी त्याबद्दल दारूचा एकेक पेला मिळे. ओउयांग वहिनींचं घर गावाच्या शेवटाला, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत स्वारी चांगलीच रंगात आलेली असे.

वहिनींच्या दारासमोर तळं आणि तळ्याच्या काठावर विजेचा खांब. नवरा गेल्यापासून गळ टाकायला येणाऱ्यांकडून पैसे घेऊन त्या घर चालवत. नवऱ्याने हयातीत तळ्यातला गाळ काढून काठ उंच केला होता, म्हणजे तार तेवढीच जवळ आली. वीज कंपनीची माणसं आली, त्यांनी वर पाहिलं, चहा प्यायला, आणि ‘उच्च दाबाची तार, येथे गळ टाकू नये’ अशी पाटी खांबावर ठोकून निघून गेली. तार आहे तिथेच. वहिनींनी ती पाटी मनावर घेतली असती तर चूल विझली असती, म्हणून घेतली नाही. कोणाकोणावर चिडायचं?

वसंतात न्येने गळाची नवी काठी घेतली, कार्बनची, लांबच लांब. मी म्हटलं, “एवढी लांब कशाला? पलीकडच्या काठावरचे मासे काय गोड लागतात?”

“तू शेवया लांब कर, काठीचं माझं मी बघतो,” तो म्हणाला.

त्या दिवशी खांबाजवळ उभं राहून त्याने काठी उचलली. ती तारेला टेकलीही नाही, नुसती जवळ गेली. तेवढं पुरलं. जीव वाचला, पण उजवा हात भाजून निघाला आणि बोटं आत वळली ती वळलीच.

इस्पितळातून घरी येताच त्याने दावा लावला, कंपनीवर आणि वहिनींवरही. “एक पाटी नव्हती तिथे. पैसे घेतले आणि मला मरणाखाली बसवलं,” हे तो ज्याला त्याला सांगत सुटला. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं वेगळंच: पाटी आम्ही लावली होती, तळेवालीने ती लाल कागदाने झाकली, तेव्हा सगळं तिच्या माथी. तसं ठरलं असतं तर वहिनींचं तळं गेलं असतं.

मला काय ते कळत होतं. मी तळ्यावर गेलो.

“वहिनी, तो कागद कोणी चिकटवला ते सांगून टाका.”

“ज्याचा हात गेला त्याला आणखी काय सांगायचं, भाऊजी?”

“अहो, तुमचं तळं जाईल.”

“जाऊ दे. त्याला आठवलं तर बोलेल.”

“त्याला? त्याला स्वतःची चूक सोडून सगळं आठवतं.”

त्या हसल्या आणि माशांना कोंडा टाकायला लागल्या. मी संतापून परत आलो. एक बोलायचं थांबत नाही आणि दुसरी बोलत नाही.

न्यायालयात वकिलाने खांबाचा मोठा फोटो पडद्यावर दाखवला. पाटी दिसतच नव्हती, होता तो लाल कागद.

“हा कोणी लावला?” वकिलाने विचारलं.

“सणाला लावतातच,” वहिनी म्हणाल्या.

“पण कोणी?”

माझ्या जिभेवर आलं होतं, तेवढ्यात न्ये उभा राहिला. बराच वेळ तो पडद्याकडे बघत होता.

“ते ‘सुख’ माझ्या हातचं आहे,” तो म्हणाला. “कागद मीच लावला. आणि वाकडा लावला.”

खाली बसल्यावर त्याने उजवा हात मांडीखाली दडवला. तेव्हा मला त्याचा राग येईना, याचाच राग आला.

निकालात मोठा वाटा कंपनीवर पडला. ज्याची तार त्याचा धोका. काठ उंच झालेला दिसूनही नुसती पाटी ठोकली म्हणून सुटका नाही, असं न्यायाधीशांनी सुनावलं. पैसे घेऊन माणसं बसवली म्हणून थोडा वहिनींवर, उरलेला खुद्द न्येवर. तळं राहिलं. खांबाच्या बाजूला बसायला बंदी झाली. कंपनीने तार लवकरच उचलू म्हणून सांगितलं आणि तोवर म्हणून आणखी मोठी पाटी ठोकली.

नववर्ष आलं. त्या वर्षी गावाने बाजारातले छापील कागद आणले. सकाळी मी तळ्यावर गेलो, तर न्ये जाड कोट घालून खांबाला, नेमका पाटीच्या खाली, पाठ लावून उभा. समोर ओउयांग वहिनी, एका हातात खळीची वाटी आणि दुसऱ्या हातात लाल कागद. मी कपाळावर हात मारला.

“वहिनी, अजून अक्कल आली नाही?”

“सणाला खांब मोकळा कसा ठेवायचा?” त्या म्हणाल्या. “पाटीच्या खाली लावते की.”

“या वर्षी खाली, पुढच्या वर्षी वर,” न्ये म्हणाला. “लावायचाच तर माझ्या छातीवर लावा.”

वहिनींनी खरंच लावला. त्याने मान खाली घालून पाहिलं. उजवा हात उचलला, मग खाली सोडला.

“वाकडा लागलाय,” तो म्हणाला.

वहिनींनी कागद काढला आणि सरळ लावून दिला.