अकोल्याच्या उस्तादांचा आवाज

बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर हमाली करून मी माझं सामान उभं केलं. दोन भोंगे, आवाज वाढवणारं एक मशीन, दोन माईक, एक बॅटरी. कुणाच्या पाया पडलो नाही. अमरावतीच्या राजापेठेत रस्त्याला लागून एक खोली घेतली आणि दारावर भोंगा टांगला, तोच माझा बोर्ड. पुढे नुसता मशीनवाला राहिलो नाही. कव्वालीच्या पार्ट्यांचे दौरेही मीच ठरवू लागलो. कोणत्या गावात कोणाशी कोणाचा मुकाबला, आधी कोण बसणार, जेवण कोणाकडे, बैलगाडी की जीप, हे सगळं मी गावच्या मंडळींशी भांडून मिळवायचो. भांडणात मी कधी मागे हटलो नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

गाव तशी गर्दी असते हे मी फार लवकर शिकलो. अकोल्याचे लोक पहिल्या ओळीलाच उभे राहत, टोप्या उडवत, आवडलेली ओळ पाच-पाच वेळा म्हणायला लावत. अमरावतीचे हाताची घडी घालून बसत आणि चूक कुठे होते ते पाहत. बडनेऱ्यात रेल्वेच्या ड्यूटीची वेळ झाली की अर्ध्या सतरंज्या रिकाम्या होत आणि सुटलेली पाळी येऊन त्यांच्या जागी बसे. शेंदूरजनाघाटला संत्र्याला भाव असला तर गाणाऱ्यापुढे टोपलं ठेवत, पडला असला तर त्याच्या तोंडाकडेही पाहत नसत. पार्टी कुठे आधी न्यायची आणि कुठे मागाहून, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

अकोल्याचे उस्ताद पन्नाशीचे होते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. धम्मदीक्षेनंतर आमच्या समाजात घरोघरी नवी गाणी आली, तेव्हा त्यांनी जुनी भजनं सोडून कव्वाली धरली. त्यांचे शौकीन गळ्यात काळा रुमाल बांधत आणि पॅसेंजरमधून, मालट्रकमधून त्यांच्यामागे गावोगाव फिरत. दोन वर्षं त्या काळ्या रुमालांच्या पुढे जाऊन मी भोंगे बांधले होते.

आमच्याकडे रिवाज होता. वंदना झाली की पहिल्या गाण्याआधी कव्वालानं कार्यक्रमाला ज्यांचे हात लागले त्यांची नावं घ्यायची. अकोल्याच्या एका कार्यक्रमात उस्तादांनी मांडव घालणाऱ्याचं नाव घेतलं, पाणी भरणाऱ्याचं घेतलं, सतरंज्या देणाऱ्याचंही घेतलं. माझं घेतलं नाही. ज्या माईकमधून ती नावं जात होती तो माईक माझा होता.

बाजूला बसलेला एक काळा रुमालवाला मला म्हणाला, "काहो मशीनवाले, तुमचं नाव कुठी गेलं?"

दुसरा म्हणाला, "तारेत अटकलं असन!"

सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र जळालो. उस्तादांना नंतर विचारलं असतं तर एका शब्दात मिटलं असतं. पण मी मागून घेणारा माणूस नव्हतो. आजही सांगतो, माझी तक्रार खोटी नव्हती. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा ती खोटी नव्हती.

मी अमरावतीत मुकाबला ठरवला. समोर नागपूरकडची एक तरुण बाई, बुलंद आवाजाची. वर मी एक अट घातली. हरणाऱ्यानं त्या हंगामातली आपली उरलेली सगळी आमंत्रणं जिंकणाऱ्याला सोडायची. बाईनं लगेच मान डोलावली. उस्ताद माझ्या खोलीवर आले.

"भाऊ, हे कशाले? गाऊ न दोघंबी."

"काहून, भेव वाटते का उस्ताद?"

"भेव नाही. पण यंदा जिनातलं काम सोडून बसलो मी. वरुडाकडचे लोक तीन वर्षापासून बोलावून राहिले. माह्या वयाले असे हंगाम आता किती राहिले?"

"मंग जिंका," मी म्हणालो.

ते हसले आणि हो म्हणाले.

शाळांच्या परीक्षा चालू होत्या, रात्री भोंग्यांनी पोरांचा अभ्यास मोडला असता, म्हणून मुकाबला भरदुपारी ठेवला. काळे रुमाल सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून पायी आले होते. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्यायचा. पंच मुद्दाम शेवटच्या ओळीत बसत. जबाब तिथपर्यंत पोचला नाही तर तो दिलाच नाही असं धरलं जाई. हा नियम भोंगे नव्हते तेव्हापासूनचा. भोंगे आल्यावर तो कुणी बदलला नाही. त्यामुळे पंचांच्या कानापर्यंत काय पोचायचं, ते मशीनजवळ बसलेल्या माणसाच्या बोटांवर आलं होतं, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सुरुवातीला उस्तादांनी नावं घेतली. याही वेळी माझं नाही.

बाईच्या सवालाला मी आवाज पूर्ण सोडला. उस्ताद जबाबाला उठले आणि मी बटन मागे फिरवलं. थोडंसंच. भोंगे त्यांच्यापासून लांब, गर्दीकडे तोंड करून बांधलेले, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मागच्या ओळीतून ओरडा सुरू झाला.

"ऐकू येत नाही!"

"बुढ्या, जेवला नाही का?"

ते जोर लावू लागले. गळ्याच्या शिरा मला मशीनपाशी बसून दिसत होत्या. पुढच्या जबाबाला मी बटन आणखी थोडं मागे घेतलं. मशीनवर कुणाला संशय घ्यायला जागाच नव्हती, कारण त्याच मशीनवरून बाईचा शब्द न् शब्द रस्त्यापर्यंत जात होता. तिसऱ्या जबाबाला उस्तादांचा आवाज खरोखरच फाटला. पंचांनी बाईच्या बाजूनं हात वर केला. काळे रुमालवाले चिडले, पण माझ्यावर नाही, उस्तादांवर. दोघा-तिघांनी रुमाल सोडून खिशात घातले. बडनेऱ्याहून पायी आलेली माणसं होती ती.

मला वाटलं होतं बरं वाटेल. घटकाभर वाटलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आपल्या पेटीवाल्याला घेऊन माझ्या खोलीवर आले. मला वाटलं, यांना कळलं. मी भांडायच्या तयारीनं उभा राहिलो. ते दारातच म्हणाले, "भाऊ, एक काम होतं. मशीन लावता का जराशी? आवाज गेला का राहिला, एकदा पाहून घेतो. काल लोकाईले उगीच तरास झाला."

पेटीवाला म्हणाला, "काल मशीन तर बराबर होती न?"

"थांब," मी म्हणालो. माईक हातात घेतला, बटन पूर्ण सोडलं आणि दोनदा हॅलो म्हणालो. दारावरचा भोंगा असा वाजला की समोरचा शिंपी काम थांबवून पाहू लागला. पेटीवाला रस्त्याच्या पलीकडे, चौकाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी माईक उस्तादांच्या हातात दिला.

काल मी रागात होतो, असं म्हणता येईल. या सकाळी माझं डोकं थंड होतं. आवाज नीट सोडला असता तर त्यांना आपला गळा परत मिळाला असता आणि मी पकडला गेलो असतो. माझे सगळे दौरे, सगळी गावं माझ्या डोळ्यांपुढून गेली. ते डोळे मिटून सूर लावत होते. मी बटन मागे घेतलं, कालच्याच खुणेवर.

त्यांनी दोन ओळी म्हटल्या. खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या छान लागल्या. थोड्या घोगऱ्या, पण सुरात. चौकातून पेटीवाल्यानं हात आडवा हलवला.

उस्तादांनी माईक माझ्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी. "बरं झालं, सांगतलं तरी कोणी," ते म्हणाले. "वरुडाकडच्या लोकाईले तुमीच कळवजा, बाई येईन म्हणून. चांगली गाते ते."

मी चहाला थांबा म्हणालो. गाडीची वेळ झाली होती, ते थांबले नाहीत. वरुडाकडचा दौरा बाईनं केला आणि भोंगे माझे होते. उस्ताद पुन्हा जिनात कामाला लागले, असं अकोल्याहून आलेल्यांनी सांगितलं. पुढे मी अकोल्याला अनेकदा गेलो. जिनाच्या रस्त्यानं कधी गेलो नाही.