मिठाच्या बरणीतली चिठ्ठी

काल मिठाची बरणी धुताना झाकणाच्या आतून चिकटवलेली एक चिठ्ठी हाती लागली. तिच्यावर बायकोच्या अक्षरात ‘सॉल्ट’ लिहिले होते. धरमतरच्या मिठागरावर वाढलेली ही बाई परदेशातल्या नातीशी बोलता यावे म्हणून साठीनंतर इंग्रजी शिकू लागली आणि पेणच्या आमच्या स्वयंपाकघरात डब्याडब्यावर अशा चिठ्ठ्या लागल्या. पुढे डोळे अधू झाले म्हणून तिने ते सोडले, असे मुलगा सर्वांना सांगतो. साफ खोटे आहे ते. तिने ते सोडले त्या दुपारी रोह्याचे व्याही जेवायला आले होते आणि नातीचा फोन आला. “नो वरीज गो, आजी फाइन हाय!” ही हरखून म्हणाली. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेला मी पानावरूनच ओरडलो, “ऐका, मिठागरावरची मडम बोलतेय!” व्याही पोट धरून हसले. फोन ठेवून तिने आम्हाला ताक वाढले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने भिजवून खरवडून काढल्या. ही एक तेवढी झाकणाखाली राहून गेली. तिचे डोळे आजही सुईत दोरा ओवतात. नातीचा फोन आला की ती तो थेट माझ्या हाती देते, आणि माझ्या शुद्ध इंग्रजीतली दोन वाक्ये ऐकून घेऊन नात विचारते, “व्हेअर इज आजी?”